आईच्या गळ्यातला पट्टा

१६ नोव्हेंबर, रविवार

पट्टा आईच्या गळ्यात बांधला एकदाचा! मंचरच्या बाजारात चपला शिवणाऱ्या मामांसमोर दोन तास बसून करून घेतला. जाड रेक्झिन, बाहेरून खिळे. आतून मी फ्लॅनेल शिवलंय, टोचू नये म्हणून.

आईचं घर उसाला अगदी चिकटून. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने भर दुपारी उचलली. तरी ही बाई रोज उजाडायच्या आत दुधाची किटली घेऊन एकटी डेअरीला जाणार! बिबट्या मागून येतो, थेट मान धरतो. आता पारगावकडच्या बऱ्याच बायका असे पट्टे घालतात. पण आमच्या कोंडाबाईंना कोण सांगणार?

"मी काय कुत्री हाय का गं, पट्टा बांधाया?"

म्हटलं, कोण तुला कुत्री म्हणतंय ते बघतेच मी! तासभर वाद. शेवटी तिचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला — उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस की पट्टा गळ्यात पाहिजे, मग कुठेही जा. माझ्या गळ्याची शपथ आहे! तेव्हा कुठे गप्प झाली. बकल लावून घेतलं आणि फोटो काढायला बसल्यासारखी हनुवटी वर करून बसली. मला हसूच आलं.

२४ नोव्हेंबर

प्रयागबाईंना फोन केला. आईच्या शेजारीण, त्यांच्याकडून खरं काय ते कळतं. "घालती, घालती. दारात झाडाया निगाली तरी घालती. लई दमात चालती आता!" जिवाला बरं वाटलं. उगाच स्वतःचं कौतुकही वाटलं.

१९ डिसेंबर

उद्या आमच्या शाळेचं गॅदरिंग. सूत्रसंचालन माझ्याकडे. लेक मोहित त्यात मावळा झालाय, घरात ढाल घेऊन पळतोय. पाहुणे म्हणून संस्थेचे अध्यक्ष येणार. साडी इस्त्रीला दिलीये.

२० डिसेंबर, शनिवार

लिहावं की नको. पण लिहिलं नाही तर उद्या मीच स्वतःला वेगळं काहीतरी सांगेन.

आई आली. मोहितने परस्पर फोन करून बोलावलं होतं. मला पत्ताच नाही. मी फाटकाशी, अध्यक्षांच्या मिसेसना गुलाब देत होते. आणि समोरून आई. नवीन लुगडं, हातात शेंगांची पिशवी — आणि गळ्यात तो खिळ्यांचा पट्टा! एसटीतून तशीच आलेली. पोरं मागे मागे. कुणीतरी भू-भू केलं. पालक मोबाइल काढायला लागले. प्रतीक्षा मॅडम तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अय्या, या कोण?"

"माझी आई आहे," असं मी म्हणाले. तेवढं तरी म्हणाले. पण पुढे?

"आई, काढ ते आधी! कुत्र्यासारखं काय घालून आलीस गावभर? लाज आणलीस मला. असली पुन्हा कुणाला दिसू नकोस!"

मी म्हणाले हे. माईक हातात होता. बंद होता, नशीब.

तिचा हात बकलपर्यंत गेला. "अगं, तूच —" एवढंच म्हणाली. मी पुढे बोलूच दिलं नाही. तिने हात खाली घेतला. पट्टा काढला नाहीच! शेंगांची पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि मागे वळली. मोहितचा नाच बघितला नाही.

मी स्टेजवर जाऊन मातृप्रेमावर चार ओळी म्हटल्या. कार्डावर आधीच लिहिलेल्या होत्या.

२१ डिसेंबर

फोन केला. "बरं हाय." ठेवला.

मोहितचे बाबा रवींद्र म्हणाले, जाऊन ये. मी म्हटलं, पेपर तपासायचेत. पेपर गॅदरिंगच्या आधीच तपासून झाले होते.

५ जानेवारी

प्रयागबाईंचा फोन. "नूतने, तुजी आई घराभायेर पडंना गं. दूध मीच नेती डेअरीला. दुखतंखुपतं म्हणावं तर तसं बी काय न्हाई." गोठा, न्हाणी सगळं एकाच छपराखाली, म्हणून तिचं भागतंय.

रुसलीये. दुसरं काय! मला धडा शिकवायचा असणार. वडील गेल्यावरसुद्धा तिसऱ्या दिवशी वैरणीला गेलेली बाई ही. आणि आता घरात बसून राहते म्हणजे काय? मलाही राग आला. पट्टा काढ म्हटलं तर चारचौघांत नाही काढला, तो हट्ट कुणाचा? बस म्हणावं रुसून.

हे वर लिहिलंय ते वाचलं. कोण बोलतंय हे? मला ओळखू येईना.

१३ जानेवारी, भोगी

लग्न झाल्यापासून एक भोगी चुकली नाही. सकाळच्या एसटीने आई येते — पावटा, हरभरा, गाजरं, बाजरीचं पीठ, सगळं घरचं. दारातूनच ओरडते, "तीळ लावून थाप गं भाकरी!" आज दहापर्यंत वाट बघितली. मग मंडईतून आणलं. भाजी केली, कुणी मागून घेतली नाही.

मोहित म्हणाला, "तू आजीला ओरडलीस ना? माझ्या वर्गातली मुलं सांगत होती."

आठ वर्षांच्या पोरापुढे मान वर करता येईना. हो, ओरडले. ज्या आईने मला डी.एड. करायला गळ्यातली पोत मोडली, तिला मी फाटकावर सगळ्यांसमोर कुत्र्यासारखं म्हणाले. आणि पट्टा तर मीच आणलेला! पोरं हसली म्हणून, एवढ्यासाठी. लाज तिने नव्हती आणली, ती माझ्यातच होती. उद्या जाते. पाय धरते. बोलली नाही तरी बसून राहीन.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन गेले. आई उंबऱ्याच्या आतच उभी. म्हटलं, उन्हात तरी ये बाहेर. हलली नाही. पट्टा खुंटीला, खिळे तेल लावून पुसलेले.

मी पाय धरले. चुकले, म्हटलं, रुसू नकोस.

"रुसले कुठं बाई? तूच म्हणलीस, पट्टा घालून कुनाला दिसू नको. न्हाई दिसले. पन त्याच्याबिगर भायेर पडू कशी? तुज्या गळ्याची शपथ हाय ना!"

पंचवीस दिवस झाले. शपथ मी घातली होती, आणि मी ती विसरूनही गेले होते.