व्हेक्सेशन कुठं वापरायचं

हिंगोली
९ मार्च

प्रिय मोहिनी वहिनी,

नमस्कार. दादाचा खोकला थांबला असेल. इकडं हळदीच्या गाड्यांनी रस्ता भरलाय, घरभर पिवळी धूळ आहे. बाकी ठीक.

व्हेक्सेशन म्हणजे नेमकं काय आणि तो शब्द कुठं वापरायचा, असं तुम्ही विचारलंत. आबाच म्हणाले म्हणे, सत्यशीलाला विचार. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही स्पीकर लावता आणि आबा शेजारीच असतात.

तो राग नव्हे. रागाला आवाज असतो. शेळी पुन्हा पुन्हा शेजाऱ्याच्या तुरीत शिरते, तिला मारवत नाही आणि नुसतं बघवतही नाही, तेव्हा जिवाला जो त्रास होतो तो. गारपिटीला हा शब्द लावायचा नाही. माणूस गेलं तरी नाही. शब्द जुना आहे. कॉलेजात मी वापरला तेव्हा मॅडम हसल्या होत्या.

आबांचा त्यावरचा नियम तुम्हाला आता माहीत आहेच. तो कसा झाला ते सांगते. आता तुम्हाला शिकवतात तसं शाळेआधी त्यांनी मला घरीच इंग्रजी शिकवलं, शेळ्यांमागं फिरताना. आई गेल्यावर मी फार आदळआपट करायचे. तेव्हा त्यांनी मला हा शब्द दिला. एकानं तो म्हटला की दुसऱ्यानं हातातलं काम ठेवायचं, 'काहून?' विचारायचं आणि मधे न बोलता ऐकायचं. दादालाही हा नियम नव्हता. फक्त आम्हा दोघा बापलेकींना.

रविवारी मी न कळवता आले, तेव्हा अंगणातून तुमचा आवाज आला. "आबा, तुमची शेळी म्हंजे निस्तं व्हेक्सेशन हाये! पदर खाल्ला माझा."

"काहून पोरी?" म्हणत आबांनी हातातलं दावं खाली ठेवलं.

मी पिशवी घेऊन दारात. त्यांनी डोळे बारीक केले. "कोन हाये? सत्यशीला व्हय? बस माय, मोहिनीचं एवढं ऐकून घेऊ दे."

तुमचा शब्द बरोबर होता, वहिनी. उच्चारही. मी चूक शोधत होते, सापडली नाही.

मी त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी न्यायला आले होते. ते म्हणाले, "एवढ्यात न्हाई. पोरीचा धडा मोडतो." सासूबाईंच्या तब्येतीचं सांगून मी लगेच निघाले, ते खोटं होतं. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर थांबू नका म्हणतात. धडे बंद करा, असं लिहायलाच मी बसले होते. पण ते आबांच्या डोळ्यांसाठी की माझ्यासाठी, हे ठरेना. म्हणून तसं लिहीत नाही.

तुम्हीच त्यांना घेऊन या. तुम्ही म्हणालात तर येतील. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. धडे माझ्या घरी चालू द्या. मी मधे बोलणार नाही.

फक्त एक करा. दवाखान्यात पट्टी सोडतील तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाकावर थांबा. आधी मी दिसू दे त्यांना.

तुमची नणंद,
आबांची पहिली विद्यार्थिनी,
सत्यशीला