कांडीला टेकण

१ ऑगस्ट, शुक्रवार

शी! जळक्या घोंगडीचा वास नाकातून जाईना. डोक्यावरून दोनदा आंघोळ केली. जेवताना वरणालासुद्धा तोच वास.

मणी करायची निळी कांडी गॅसच्या बत्तीच्या जाळातून काढली, टेबलावर ठेवली अन् दुसरी घ्यायला वळले. काचेची कांडी गोल, ती काय जागेवर बसते? गडगडली. लाल टोक थेट खाली आत्याबाईंच्या घोंगडीवर. घोंगडी तिथं कुणी टाकली? त्यांनीच. पण ते कोण बोलणार! मुठीएवढं भोक. अन् नेमकी तीच, जिच्यावर खंडोबाची तळी भरतात.

आत्याबाई रडल्या. (सासूबाईंना इथं आत्याबाईच म्हणायचं. लिहायला लांब पडतं. इथून पुढं आ.बा.) मामंजी दारात उभे राहून म्हणले, "आणखी एकदा काई जळलं त बत्ती भायेर. माजा सबद हाय." हे शेजारीच होते. गप. ह्यांच्या तोंडात कायम मिठाची गुळणी.

बत्ती गेली की मी परत शेळ्यांमागं. लेंड्या झाडा, लेंड्या तुडवा, लेंड्यांच्या वासात भाकर खा. पाच वर्षं केलं. आता न्हाई होणार माझ्यानं. ही गोठ्याची अर्धी बाजू, एक टेबल अन् बत्ती, एवढंच ह्या घरात माझं आहे.

३ ऑगस्ट, रविवार

टेकण पाहिजे. कांडी गडगडणार न्हाई अन् तापलेलं टोक कशाला टेकणार न्हाई, असं. नांदेडला मणी करायला शिकले तेव्हा मॅडमकडं चिनी मातीचं होतं, खाचा-खाचांचं. निघताना मला एक दिलं होतं. ते काबऱ्या शेळीनं शिंग मारून फोडलं. त्या शेळीचं तोंड पाहिलं की अजून तिडीक जाते.

आज अक्कल चालवली. पन्हळी पत्र्याचा तुकडा कातरला. पन्हळीत कांडी बराबर बसली. धार हाताला लागायली म्हणून बत्तीनं जरा शेकली, तर पांढरा धूर! तोंडात गुळचट चव, जस्त चाटल्यासारखी. थू थू करून थुंकले, चव जाईना.

४ ऑगस्ट, सोमवार

रात्रभर हीव भरलं. दात वाजायले. हे म्हणले, "काहून पांघरूण ओढून राहिली?" मग मॅडमला फोन. त्या ओरडल्याच: "अगं, जस्ताचा पत्रा कुणी तापवतं का? विषारी असतो तो धूर!" आता सांगतात.

आ.बा. म्हणल्या, नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. खोकून खोकून बरगड्या दुखायल्या. पत्रा उकिरड्यावर.

७ ऑगस्ट, गुरुवार

लग्नात आहेरात आलेले स्टीलचे काटे. ह्या घरात काट्यानं कोण जेवतंय? डबा तसाच होता. पक्कडीनं चार काटे वाकवले, दात वर केले, लाकडाच्या फळीवर ठोकले. दिसायला झकास.

पण काचेचं गरम टोक स्टीलला जरा शिवलं की टक्! कपची उडून गालाला चिकटली. फोड आलाय. अन् फळी इतकी हलकी की जरा धक्का लागला की सगळंच लवंडतं.

संध्याकाळी पाहते तर हे त्यातलाच एक काटा उपटून पाठ खाजवून राहिले. वर म्हणतात, "बेस हाय गं हे." जेवण गेलं न्हाई.

१० ऑगस्ट, रविवार

जवळा बाजार गावातल्या दुकानदाराचा फोन. पोळ्याला बैलांच्या गळ्यातल्या निळ्या माळा पाहिजेत. मेंढरांच्या गळ्यात बांधायचे सुटे मणी पण. पोळा तोंडावर आलाय अन् माझ्याकडं टेकण न्हाई.

गोठ्यामागं जुनी कौलं पडलीत, छपरावर टिन यायच्या आधीची. एक उचललं. खाली बेडूक, पालीची अंडी, वरून पारव्यांची घाण वाळून दगड झालेली. ईऽऽ. नाकाला पदर लावून घासलं. राखेनं, मग सोड्यानं, मग पुन्हा राखेनं. स्वच्छ झालं वाटलं म्हणून बत्ती पेटवली. जरा तापलं अन् पारव्याची सगळी घाण जिवंत होऊन नाकात आली. गोठ्याबाहेर जाऊन ओकले. शेळ्या बघत होत्या.

मग रात्रभर चुलीच्या निखाऱ्यात पुरून ठेवलं. जळू दे काय जळायचं ते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जमलं!! भाजलेली माती, कांडीला चटका न्हाई, काच तडकत न्हाई. कौलाला मुळात दोन पन्हळी असतातच. कानशीनं घासून आणखी तीन खाचा पाडल्या. हाताला फोड, नखात लाल भुकटी, असू दे. कौल जड आहे, काबऱ्या शेळीच्या बापाच्यानंही हलणार न्हाई.

टेबलाच्या मधोमध बसवलं. तापलेलं टोक पुढं, माझ्या बाजूला, अधांतरी. त्याच्याखाली वाळूचं घमेलं. थंड बूड मागच्या अंगाला, जिकडं लोकरीची पोती आहेत. पडली तर वाळूत पडेल. आता जळतंय काय ते बघू.

नवी घोंगडी विणायला हीच लोकरीची पोती द्यायची आहेत. आ.बा. रोज एकदा हात लावून जातात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी पाहते तर पहिल्या खाचेत उदबत्ती. आ.बा. म्हणल्या, "बराबर बसली बाई, इथंच असू दे की." दुसऱ्या खाचेत ह्यांचा ओला ब्रश, फेसासकट. शी! माणसं आहेत का कोण आहेत! मी एवढी मरमर केली ती ह्यांच्या थुंकीसाठी?

ब्रश उकिरड्यावर फेकला. दिवसभर शोधत होते. सांगितलं न्हाई.

१६ ऑगस्ट, शनिवार

गोठ्यात गेले तर टेबलाच्या मागच्या अंगाला मामंजी. तिसऱ्या खाचेत विडी. पेटलेली.

डोक्यावरचा पदर सावरायचं पण भान राहिलं न्हाई.

कोविडात मामंजी जायला आले होते. तेव्हा ही ऑक्सिजनची मशीन घेतली, जिच्यावर आता माझी बत्ती चालते. बरे झाले तसा खंडोबाचा भंडारा उचलून सगळ्यांसमोर शपथ घेतली, विडीला शिवणार न्हाई. अन् आ.बा.नी त्याच दिवशी पायातली वहाण सोडली. "ह्यांचा नेम पाळला जातोय तंवर मी अनवाणी." बाभळीचे काटे, चिखल, उन्हाळ्यात तापलेली वाट, कशालाच वहाण न्हाई.

मामंजी माझ्याकडं न बघता म्हणले, "तुज्या ह्या जळक्या वासात ह्यो वास कुटं कळतोय." मग विडी उचलली, दोन झुरके घेतले, अर्धी विझवून कानामागं ठेवली अन् शेळ्या सोडायला गेले. सून काय बोलणार!

खाचेत राख अन् चिकट ओल. काडीला चिंधी बांधून पुसलं. हात तीनदा धुतले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रोजचं झालंय. ते मागच्या अंगानं येतात, विडी खाचेत टेकवतात, मी तिकडं बघत न्हाई. गेल्यावर खाच पुसते. त्यांच्या खाचेत मी कांडी ठेवतच न्हाई आता. तोंडाचं उष्टं सगळं.

काल हे म्हणले, पोळ्यानंतर टेबल काढू, कडबा ठेवायला जागा पाहिजे. तर मामंजीच बोलले, "ऱ्हाऊ दे तिचं. काई तकलीफ हाय का तुला?" व्वा! माझी जागा टिकली ती विडीच्या जिवावर. बरं वाटलं अन् स्वतःची किळसही आली, दोन्ही एकदम.

दुपारी आ.बा.च्या टाचेतला काटा सुईनं काढला. भेगांत शेण बसलंय, आत पू. दाबलं तर पिवळं आलं. मी तोंड फिरवलं, त्या हसल्या. "आगं, ह्याच्यावरच तर तुजे मामंजी जित्ते हायेत." मी सुई चिंधीला पुसली. माळा तेवढ्या झाल्या, उद्या दुकानदाराचा माणूस नेईल.

२१ ऑगस्ट, गुरुवार. खांदमळणी

पेन दाबून दाबून कागद फाटायला लागलाय. संतापानं, भीतीनं न्हाई.

सकाळपासून बत्ती पेटवलीच न्हाई. माळा कालच गेल्या. मी घरात पुरणाची डाळ निवडायले. दुपारी हे अन् आ.बा. बैलांचे खांदे तुपा-हळदीनं मळायले. मामंजी "जरा शेळ्या बघून येतो" म्हणून गोठ्यात. आले ते खांद्यावर गमछा टाकून, बैलाच्या कानात म्हणायला लागले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." तेवढ्यात तो वास आला. तोच. घोंगडीचा.

धावले. मागचं पोतं धुमसतंय. लोकर भडकत न्हाई, आतल्या आत काळं डांबर होत जाते, वास असा की डोळे फुटावेत. ह्यांनी पाणी मारलं. वाचली ती अर्धी लोकर पण ओली-जळकी. आ.बा. त्याच चिखलात मटकन बसल्या, जळक्या लोकरीत हात घालून.

अन् मामंजी सगळ्यांसमोर, मोठ्यानं: "म्या सांगितलं व्हतं का न्हाई? बत्ती भायेर!"

मी म्हणले, बत्ती पेटवलीच न्हाई आज. हे म्हणले, "मग काय भुतानं लावली?"

मी मामंजींकडं पाहिलं. पदर बिदर काही न्हाई, सरळ डोळ्यात. ते बैलाकडं बघायले. चोर सोडून संन्याशाला फाशी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सगळे गेल्यावर टेबलाखाली शोधलं. कौलाच्या मागच्या अंगाला, पोत्याच्या कडेला, विडीचं थोटूक. गुलाबी दोरा तसाच आहे. त्यांच्याच विडीचा. तिसऱ्या खाचेत टेकवली, पेटतं टोक मागं, पोत्यांवर. मी माझं टोक माझ्या बाजूला ठेवायचं शिकले. त्यांना कोण शिकवणार? थोटूक काडीपेटीत ठेवलंय. हाताला वास येतोय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

पुरणपोळ्या केल्या. बैलांना चारल्या. गावातल्या निम्म्या बैलांच्या गळ्यात माझे निळे मणी. कुणीतरी म्हणलं, "पोरीनं काय मणी केलेत!" मामंजी मान डोलवत होते. मान डोलवत!

सणाच्या दिवशी भांडायचं न्हाई, म्हणून गप राहिले. मामंजींनी दोनदा पाणी मागितलं. माझ्याच हातून. दिलं. पेला परत देताना नजर खाली.

हे म्हणले, उद्या मशीन अन् टेबल काढतो.

आ.बा. रात्री म्हणत होत्या, "माज्याच नेमात काई चुकलं आसंल. दोनदा आग म्हंजे खंडोबाचा कोप. उद्यापासून एक वक्त जेवते." आणखी एक! आता ह्या उपाशी राहणार, अनवाणी उपाशी, अन् ते गोठ्याच्या मागं झुरके घेणार. असलं बघून राहायचं अन् गप बसायचं?

२३ ऑगस्ट, शनिवार

ह्यांनी सकाळीच गॅसची नळी काढली. मशीन पोत्यात गुंडाळली. टेबल संध्याकाळी हलवतो म्हणून वसमतला गेले. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. एकदा विचारलं असतं, "खरं सांग," तर सांगितलं असतं. विचारलंच न्हाई.

आ.बा. जवळा बाजारला, लेकीकडं पोळ्या द्यायला. जीपनं येतील, फाट्यावरून चालत. न जेवता गेल्यात. मामंजी शेळ्या घेऊन माळावर. जाताना गोठ्याच्या दारात थांबले होते. म्हणले, "सूनबाई." मी हातातलं काम सोडलं न्हाई. मग म्हणले, "काई न्हाई," अन् गेले. काई न्हाई! तेवढंच सुचलं.

सगळी खरकटी भांडी घासली. मग कौल उचललं. जड आहे, पोटाला लावून आणलं. ओट्यावर ठेवलं, घरात शिरणाऱ्याच्या पायाशी, आडवं, चुकवून जाताच येणार न्हाई असं. खाचा पुसल्या. काडीपेटीतलं थोटूक काढलं अन् तिसऱ्या खाचेत टेकवलं, दोरा वर. बराबर बसतं.

मी बोलले न्हाई काही. कौलाला पण तोंड न्हाई.

मामंजी आधी आले तर उचलतील, खिशात टाकतील, मला सगळं ठाऊक आहे ते त्यांना कळेल, अन् मग माझ्या बत्तीचं काय ते त्यांनीच बघायचं. आ.बा. आधी आल्या तर... तर काय होईल ते मला लिहवत न्हाई. दोनदा उठले, उचलून घ्यावं म्हणून. दोनदा बसले. बत्तीसाठी करून राहिले का आ.बा.च्या पायांसाठी, ते पण नक्की सांगता येईना.

उंबऱ्याच्या आत बसून लिहायले. तिकडं उताराला शेळ्यांच्या घंटा वाजायला लागल्यात. फाट्यावरची जीप मघाशीच गेली. आ.बा. कुठवर आल्यात ते कळायला मार्ग न्हाई, अनवाणी पायाचा आवाज येत न्हाई.