कडेच्या खाचा

८ नोव्हेंबर
घेतलं एकदाचं! बहूबाजारच्या सुबलबाबूंचं गोल करवतीचं मशीन. साठ वर्षांपूर्वीचं बीड — टेम्पोतून उतरवायला चौघं लागले. बायको, कालिंदी, म्हणाली, हत्ती आणलात, आता माहूत कोण? निवृत्तीनंतर गॅरेजात खुटखुट करत सुतारकी शिकलेला माणूस मी. हौसेला काय तोटा!
सुबलबाबूंची एकच अट — नातीच्या लग्नाचा पाट त्यांना याच मशीनवर कापायचाय. इथे बंगाल्यांत नवरीला पाटावर बसवून भाऊ उचलून मांडवात आणतात. नात लहान असतानाच त्यांनी तिला शब्द दिला होता. लग्न चार डिसेंबरला. म्हटलं, केव्हाही या, घर तुमचंच.

१५ नोव्हेंबर
आठवडाभर गंज काढतोय. टेबलाच्या पुढच्या कडेवर कुणीतरी कानशीने वेड्यावाकड्या खाचा पाडल्यात, पंधरा-वीस तरी. बघवेना. घासून सपाट केल्या. म्हातारा खूश होईल.

१६ नोव्हेंबर
कंबर धरली. तेल लावून पडून आहे.

२२ नोव्हेंबर
सुबलबाबू आले, सागाची फळी घेऊन. मशीनपाशी उभे राहून कडेवरून बोटं फिरवली. मग पुन्हा, उलटीकडून. मी आपला शाबासकीची वाट बघतोय.
"दादा, खुणा कुठे गेल्या?"
घासल्या, म्हणालो — वर हसून!
ते स्टुलावर बसले. मग हळूहळू सांगितलं. सहा वर्षं झाली, पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत. घरी पत्ता लागू दिला नाही, नाहीतर करवतीला हात लावू दिला नसता. एकेक खाच म्हणजे एकेक माप — बोटाने शोधायची, फळी टेकवायची आडपट्टी तिथे आणून आवळायची.
मी मोजून देतो म्हटलं. "मग तो तुमचा पाट होईल," म्हणाले. फळी इथेच ठेवून गेले.
घासायच्या आधी विचारायला तोंड होतं ना मला? एका शब्दाचं काम होतं.

२३ नोव्हेंबर
सकाळपासून गॅरेजात, कडेवरून बोट फिरवून बघतोय, एकही खाच लागत नाही. कालिंदी म्हणाली, जा, मापं विचारून या.

२७ नोव्हेंबर
खाचा परत पाडाव्या म्हणून मापं विचारायला त्यांच्या घरी गेलो. आकडे त्यांनाही आठवत नाहीत. बोटांनाच ठाऊक होते. निघताना जिन्यात माझा हात धरला. बाजारातून एक साधा पाट आणून द्या, म्हणाले. घरी सांगेन मीच कापला. तुम्ही फक्त हो म्हणा.
आणून दिला. चांगला आहे. त्याचंच वाईट वाटतं.

४ डिसेंबर
नवरी पाटावर बसून आली. सुबलबाबू ज्याला त्याला सांगत होते, माझ्या हातचा. मी मान हलवत होतो. नंतर नातीने मला बाजूला घेतलं.
"आमच्या दादूंना, आजोबांना, दिसत नाही हे आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे. तुम्ही होतात म्हणून त्यांच्या हातून हा पाट झाला."
आणि वाकली. मला पाय मागे घेता आले नाहीत.