फुलीची एक ओळ आणि मावशीचा गुडघा

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून बसून पाठ अशी आखडली आहे की आठांपैकी दोन-तीनच अंगं वाकतात, तेवढ्यावर भागवून घे.) तुझ्या गुडघ्याची चौकशी मी मुद्दाम करत नाही, कारण सध्या ती अख्खं जग करतंय. एवढं लांबलचक मेल अशासाठी की फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आज मला तुझ्यावर रागवायचं आहे.

तू रोज ज्यातून बातम्या वाचतेस तो ब्राउझर जगभरची माणसं मिळून बनवतात. काही पगारी, बाकी माझ्यासारखे हौशी. म्हणजे दिवसभर कंपनीत कॉम्प्युटरपुढे मान मोडायची आणि घरी येऊन तेच फुकट करायचं. पानाचं नाव मोठं असलं की ते बंद करायची फुली कडेला दडी मारते, ही मूळ तक्रार तुझीच. मी ती त्यांच्या तक्रारींच्या जागी, एका उघड्या पानावर, रीतसर नोंदवली, तिच्यावर ‘नवशिक्यांसाठी सोपं’ असा शिक्का बसला, आणि फुलीला जागेवर आणणारी एक ओळ मी लिहिली. एकच ओळ, पण ती पगारी माणसाने तपासून मंजूर करावी लागते, आणि माझ्या वाट्याला आली ‘कात्री’. (तिचं खरं नाव कुणी घेत नाही. तिने छाटलेला माणूस आठवडाभर घरातही तुटक बोलतो.) तिने ती ओळ इतक्यांदा बदलून घेतली की मला माझीच फुली नकोशी झाली. अखेर ‘बरी आहे, बघते’ म्हणाली. शुक्रवारनंतर नव्या आवृत्तीत काही घालता येणार नाही. त्याआधी मंजुरी मिळाली तर एवढ्या मोठ्या ब्राउझरमध्ये माझी एक ओळ राहील, नाहीतर सगळी हौस पाण्यात.

अशा नाजूक वेळी मी तुला कौतुकाने ती तक्रारीची जागा दाखवली. बघायला, मावशी! तू तिचा पत्ता सगळ्या नातेवाइकांना वाटलास. तिथे कुणीही लिहू शकतं हे खरं, पण लिहिलंच पाहिजे असं नाही. तू सुरुवात केलीस, आमचा ठोंब्या लहानपणापासून हुशार, फक्त गणितात कच्चा. (तेव्हापासून पगारी लोकही मला ठोंब्याच म्हणतात. भाषांतराच्या यंत्राला त्या शब्दाचा अर्थ लागला नाही, एवढीच देवाची कृपा.) थोरल्या काकांनी गुलाबाचं चित्र टाकून सर्वांना सुप्रभात केलं. आत्याने कात्रीला विचारलं, बाई, किती तुटक लिहिता, वेळेवर जेवता ना? मग मामांनी काकांना तिथेच गाठून, नेलेली शिडी परत कधी देणार असं विचारलं, आणि त्यापुढे फुलीचं नाव नाही, नुसती शिडी. तिथला शब्द न् शब्द सगळ्यांना मेलने जातो गं. एक पगारी गृहस्थ सुट्टी घेऊन डोंगरात गेला होता; शिडी कुणाकडे आहे ते त्याला डोंगरात कळलं. शेवटी कात्रीने दरडावलं, फुली आता कशी दिसते त्याचा फोटो जोडा. मी जोडायच्या आत तू गुडघ्याचा एक्स-रे जोडलास! वर लिहिलंस, ऑपरेशन करायचं की नाही ते डॉक्टर सोमवारी सांगणार. तेव्हापासून कात्री गप्प आहे, आणि तिच्या गप्प बसण्याने मला धडकी भरली आहे.

तेव्हा हात जोडून सांगतो, यापुढे तिथे एक अक्षर लिहू नकोस आणि बाकीच्यांनाही आवर. तुझा लोभ असू दे, फक्त फुलीखाली नको.

तुझा,
ठोंब्या

ता. क. मेल पाठवणार तेवढ्यात कात्रीचा निरोप आला. ओळ चांगली आहे म्हणते. पण मंजूर केली की ती जागा बंद होते आणि मग कुणालाच काही लिहिता येत नाही, तेव्हा सोमवारी डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळू दे. डोंगरातला गृहस्थ ऑपरेशनच्या विरुद्ध आहे, दोघे हौशी बाजूने आहेत, आणि एकीने तर व्यायामाची चित्रं काढून जोडली आहेत. माझी मंजुरी तुझ्या गुडघ्यात अडकली आहे. मावशी, कृपा करून आजच तिथे लिही. सविस्तर लिही.

ता. क. २. मी चौकशी केली नाही ती जग करतंय म्हणून नव्हे. सोमवारपासून फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. मला भीती वाटते. ऑपरेशन ठरलं असेल तर सांग, मी येतो. शुक्रवार गेला खड्ड्यात.

ता. क. ३. शिडीची कात्रीने वेगळी तक्रार नोंदवून माझ्या नावावर टाकली आहे. तिच्यावरही ‘नवशिक्यांसाठी सोपं’ असा शिक्का मारलाय. तिला आपले काका अजून कळलेले नाहीत.