पोचुबाईची चूल

गुरुवार, फेब्रुवारी १९९८. भामरागडकडचं गाव.

गाव धूरमुक्त झालं का ते बघायला उद्या मोठे साहेब येणार, म्हणून आज वनपाल पोचुबाईच्या घरात शिरला आणि तिची जुनी चूल त्यानं बुटानं फोडली. वर भात शिजत होता, तो उकळता भात तिच्या पायांवर सांडला. तिनं चुलीतलं जळतं लाकूड उचलून सरळ त्याच्या तोंडावर हाणलं. मग दोन गार्डांनी तिला अंगणात लोळवून काठ्यांनी बडवलं.

वनपालाच्या बुटाला शितं चिकटली होती.

मी नर्स. मलम आधी कुणाला लावलं? त्यालाच! त्याच्या गालावर फुंकर घालत होते आणि समोर तिच्या पायांची कातडी सोलून निघाली होती. बुटावरची ती शितं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

सरकारी निर्धूर चुलीवर भाताचा मोठा गंज बसत नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. तरी जुनी चूल अजून पेटवते म्हणून वनपालाला तिचं नाव मीच दिलं. कशासाठी? तर म्हणे धुरानं तिला खोकला होतो.

शेवटी तिच्या पायांशी बसले, तेव्हा म्हणाली, "आता धूर नाई, बाई. भातबी नाई. लिवा तुमच्या कागदावर."