पेपरातली किसनाबाई आणि आमच्या गोठ्यातली

घोडेगाव, ता. नेवासे
तुळशीचं लग्न लागलं त्याचा दुसरा दिवस, १९७३

चि. गहिनीनाथ यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे मनकर्णाचे, पोटभर आशीर्वाद. (राग आहे, पण तो पुढे येईल. आशीर्वाद आधी, नाहीतर वर आईला वाईट वाटेल.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. यंदा पावसानं दुष्काळाचे पांग फेडले. विहिरीत पाणी दिसतं, बाजरी घरात आली, ज्वारी गुडघ्याला लागली. तुझ्या पोटातली जळजळ कशी आहे? पुण्यात पेपरच्या कचेरीत बसून चहावर चहा ढोसतोस, दुसरं काय होणार? धन्याचं पाणी पीत जा. तुझ्या मंडळींना आणि बाळाला आशीर्वाद सांग. बाळाला दात आले का ते कळव. आता रागाचं लिहिते.

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण दुष्काळ पडल्यापासून तू इकडे फिरकला नाहीस, आणि सख्ख्या बहिणीच्या घरात काय चाललंय ते तुला तुमच्याच पेपरातून कळतं. (दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.) गेल्या वर्षी इथं गुरांची छावणी पडली तेव्हा परदेशातून मदतीला माणसं आली होती. त्यांत डेन्मार्क नावाच्या देशातली एक गुरांची डॉक्टरीण होती, किर्स्टन. आमच्या सासूबाईंना ते नाव काही केल्या उच्चारता येईना, त्यांनी तिची किसनाबाई केली आणि गावानं तेच चालवलं. पाऊस पडला, छावणी उठली, बाकीचे पाहुणे विमानात बसून गेले. ही म्हणाली, आजारी जनावरं अर्धवट टाकून मी जायची नाही. आमच्या गोठ्याला लागून खोली आहे तिथं तिनं ट्रंक टाकली. पोरगी एवढी उंच की सकाळी बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटतं. रोज आपटतं, आणि रोज ती चौकटीला शिव्या घालते. (त्या तिच्या भाषेत, म्हणून सासूबाईंना वाटतं देवाचं म्हणते.) बाकी बोलणं सगळं मराठीत, आणि मराठी ती आधी छावणीत आणि मग आमच्या गोठ्यात गड्यांकडून शिकली, त्यामुळे ती कशी असेल ते तुला वेगळं सांगायला नको.

तर छावणीतच तुमच्या पेपरचा पहिला माणूस आला. त्यानं ऐटीत इंग्रजीत विचारलं, भारतात कशासाठी आलात. तिनं मराठीत सांगितलं, ‘गुरांचं शेन बघाया.’ (अरे, हगवणीची साथ होती. शेण पाहिल्याशिवाय औषध कसं देणार?) त्यानं मान डोलावून लिहून घेतलं, आणि पेपरात छापून आलं की आत्मशांतीच्या शोधात सातासमुद्रापलीकडून एक योगिनी आली आहे, आणि तिला म्हणे भौतिक सुखांचा वीट आला आहे. वीट! त्याच दुपारी माझ्याशी भांडून तिनं भाकरीवर दुसऱ्यांदा तूप वाढून घेतलं होतं. त्यानंतर शिंगणापूरला शनीला तेल घालायला निघालेली मंडळी वाट वाकडी करून छावणीत येऊ लागली आणि कोपरापर्यंत शेणात हात असलेल्या योगिनीच्या पायावर डोकं ठेवू लागली. तिला वाटलं ही इकडची रीतच असावी. तीही लगेच वाकून त्यांच्या पाया पडे, मग ते पुन्हा पडत, मग ती. तिकडे म्हशी धारेसाठी ओरडायच्या आणि इकडे हे थांबायचं नाव नाही.

पुण्यानं योगिनी केली म्हटल्यावर इकडच्या एका साप्ताहिकाला राहवेना. त्यांनी तिला हेर केलं. ‘परदेशी महिलेच्या संशयास्पद हालचाली. काचेच्या गूढ नळीनं कसली टेहळणी?’ आता ती काचेची नळी म्हणजे ताप मोजायची, जनावरांचा ताप, आणि ती जनावराच्या कुठल्या भागात घालतात ते आशीर्वादाच्या पत्रात लिहिणं बरं नाही. पण चौकशीला जमादार आले. त्यांनी पुरावा म्हणून नळी मागितली, उन्हात धरून पाहिली, आणि ताप मोजायची म्हणता तर बघूच, असं म्हणून तोंडात धरली. किसनाबाई गोठ्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडत आली, ‘आवं दादा, त्वांडातली न्हाई ती!’ जमादारांना अर्थ उमगायला जरा वेळ लागला. मग त्यांनी आमच्या रांजणातलं निम्मं पाणी चुळा भरण्यात संपवलं आणि टेहळणीची चौकशी तिथंच आटोपली. आमची मात्र हसून हसून पुरेवाट झाली. (जमादार आता समोरून आले तरी आमच्या गोठ्याकडे पाहत नाहीत.)

आता तुझ्या पापाकडे येते. किसनाबाईच्या मनात आलं, आपली स्वतःची एक म्हैस असावी. गाभण बघून घ्यायची, तिच्या मायदेशातल्या पद्धतीनं पाळायची आणि गावाला दाखवायचं. तुझे दाजी बाजारात दलाली करतात, तेव्हा म्हैस मिळायला उशीर नव्हता. खर्ड्याच्या दिलावरभाईंची एक काळीभोर म्हैस तिच्या मनात भरली. पण सौदा करायचा कसा? आपल्याकडची रीत तू विसरला नसशील, बाबांच्या खांद्यावर बसून पाहिली आहेस. भाव तोंडानं बोलायचा नाही. टॉवेलाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून सांगायचा, म्हणजे भोवतीच्या माणसांना पत्ता लागत नाही. ही म्हणाली, म्हैस माझी तर बोटंही मीच दाबणार. दिलावरभाई म्हणजे लाजाळू माणूस, ते मागे सरकले. ‘लेकीवानी पोर हाय, तिचा हात म्या कसा धरू?’ शेवटी तुझे दाजी मध्ये उभे राहिले. एक हात दिलावरभाईंच्या हातात, एक किसनाबाईच्या, दोन्हींवर एकेक टॉवेल, आणि डोळे मिटलेले. (हिशेब करताना ते मिटतात. तेवढंच वैराग्य त्यांच्या अंगी आहे.) सौदा पटला. रीतीप्रमाणे म्हशीच्या पाठीवर गुलाल टाकला, मुठीत उरला तो कोणीतरी कौतुकानं किसनाबाईच्या कपाळाला लावला. बाईमाणसानं बोटांनी सौदा केलेला या बाजारानं पहिल्यांदा पाहिला होता, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि नेमका तेव्हा तुमच्या पेपरचा कॅमेरावाला शनीच्या दर्शनाला जाता जाता तिथं चहा पीत होता.

त्यानं फोटो काढला तो चांगलाच काढला असेल. पण पुण्यात तुम्ही त्याला कात्री लावली. जागा कमी पडली असेल, मला कळतं, पण कापायचं काय याला काही ताळतंत्र? दिलावरभाई उडवलेत, म्हैस उडवलीत. (म्हैस! जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिचं शिंगसुद्धा ठेवलं नाहीत.) राहिलं काय? एक फेटेवाला डोळे मिटून उभा, समोर गुलाल लावलेली गोरी पोरगी, हातात हात, वर अंतरपाटासारखा टॉवेल आणि मागे टाळ्या पिटणारं वऱ्हाड. वर शीर्षक, ‘डेन्मार्कची कन्या झाली नगरची सून!’ हे शीर्षक तुझं आहे. नाही म्हणू नकोस. कन्या आणि सून एका ओळीत कोंबायची खोड तुझी, माझ्या लग्नपत्रिकेतही तू तेच केलं होतंस. शाई इतकी फासली होती की सख्ख्या दाजींना तू ओळखलं नाहीस. गावानं फेट्यावरून ओळखलं.

त्यानंतर आमच्या घरी जे झालं ते देव वैऱ्यावरही आणू नये, पण खरं सांगते, इतकी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती. बायका सुतकाला यावं तशा येऊ लागल्या. कोणी माझा हात धरून बसे, कोणी सवतीचे उपास सांगे. खर्ड्याहून आपली आतेबहीण लंकाबाई एसटीनं रडत आली ती थेट माझ्या गळ्यात पडली. मी हसते आहे हे तिला पाठीवरून कळेना, तिला वाटलं हुंदके. तेवढ्यात किसनाबाई नऊवारी खोचून चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘घ्या आक्का, आलं लई घातलंय.’ लंकाबाईनं डोळे पुसत चहा घेतला, एक घोट प्यायली, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘सवत हाय खरी, पन च्या ब्येस करती.’ तुझे दाजी तेवढे तोंड लपवून हिंडत होते. बाजारात गेले की लोक त्यांना आहेर विचारत.

हसण्यावारी जाण्याजोगं होतं तोवर गेलं. मग नगरच्या कचेरीतून किसनाबाईला बोलावणं आलं. तिच्या इथं राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि साहेबांच्या टेबलावर तिची तीन कात्रणं होती. ती गेली तर सकाळी चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज यायचा नाही, आणि त्या आवाजाशिवाय मला आता उजाडल्यासारखं वाटत नाही. माया लागली आहे मला पोरीची, हे सरळच लिहिते. मी, दाजी आणि ती, असे तिघं गेलो. साहेब वयस्कर होते. त्यांनी कात्रणं पुढे सरकवून विचारलं, योगिनी, हेर आणि सून, यांतल्या तुम्ही कोण? ती म्हणाली, ‘सायेब, म्या म्हशीवाली हाय.’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून, तुम्ही या गृहस्थांच्या कोण, असं विचारलं. मी म्हटलं, घरचीच. यजमानांचं नाव सांगा, म्हणाले. आता आली का पंचाईत! लग्न झाल्यापासून जे नाव कधी जिभेवर आणलं नाही ते कचेरीत, शिपायांच्या देखत कसं घेऊ? मी पदर पुढे ओढला आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. मागे तुझे दाजी खोकले. (त्या खोकल्याचा काय उपयोग होता ते त्यांनाच ठाऊक.) किसनाबाईला वाटलं, अक्का घाबरली. तिनं पुढे होऊन दाजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलं आणि वर, ‘पुन्यांदा सांगू का?’ असं विचारलं. साहेब इतके हसले की शिपाई आत डोकावला. म्हणाले, नवऱ्याचं नाव असं ओरडून घेणारी बायको मी तरी पाहिली नाही, आणि इथं लग्नाची बायको कोण ते मला न बोलताच दिसलं. त्यांनी आमच्या समोर मुदत वाढवायची शिफारस लिहिली. परत येताना एसटीत किसनाबाई सारखी विचारत होती, मी चांगलं सांगितलं ना? मी तिला पेढे घेऊन दिले.

तर असं सगळं आपलं आपण निस्तरलं. म्हणून तुझ्याकडून मला काही नको. खुलासा तर मुळीच छापू नकोस. खुलासा वाचला की लोक म्हणतात, त्याशिवाय का खुलासा करतात! तू तुझं धन्याचं पाणी पी आणि सुखी राहा.

तुझी, कोणत्याही पेपरात न आलेली,
मनकर्णाअक्का

ता. क. वर ‘काही नको’ लिहिलं ते रागाच्या भरात. एक हवं आहे. निघताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, मी तिला डोळ्यांनी पाहिली, पण मुंबईचे साहेब फाइल पाहणार, आणि फाइलीतल्या तिन्ही कात्रणांत ही पोरगी कुठेच नाही. जमलं तर चौथं कात्रण आणून द्या. म्हणून तुमच्या पेपरात शेवटच्या पानावर गावोगावचं बारीक अक्षरात छापता ना, तिथं एवढंच छाप: ‘घोडेगाव: येथील पशुवैद्य किर्स्टनबाई यांची म्हैस व्याली. रेडी झाली. दोघींची प्रकृती उत्तम.’ परदेशी लिहू नकोस, सातासमुद्र नको, संस्कृती तर नकोच नको. ‘येथील’ मात्र विसरू नकोस. तो एक शब्द छापलास तर तुझं सगळं माफ.

ता. क. त्याच्या दोन प्रती जास्त पाठव. एक तिच्या आईला पाठवायची आहे. पहिली तीन कात्रणं पोरीनं हौसेनं पाठवली, तिकडे कोणाकडून तरी वाचून घेऊन त्या माउलीनं विचारलंय, माझी मुलगी मठात आहे, तुरुंगात आहे की सासरी?

ता. क. म्हैस खरंच कालच व्याली, मी बातमी बनवलेली नाही. (तेवढा फरक आपल्या दोघांत राहू दे.) खरवस करायचा आहे, तेव्हा मंडळींना आणि बाळाला घेऊन ये. तो कॅमेरावालाही आणलास तरी चालेल. फोटोत दिलावरभाई हवेत, म्हैस हवी, रेडी हवी, किसनाबाई हवी, आणि कोणालाही कापायचं नाही. तुझे दाजी या खेपेला माझ्याशेजारी उभे राहतील, त्यांना मी तसं बजावलं आहे. खाली नावं छापताना माझ्या डाव्या हाताला कोण आहेत ते किसनाबाईला विचार. मी सांगायची नाही.