वळवलं असं लिहिलं आहे

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, याच रुग्णालयातली निवृत्त मुख्य परिचारिका, सध्या मुक्काम स्त्रियांचा वॉर्ड, खाट क्रमांक अकरा, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कंबरेखालचं शरीर माझ्या ताब्यात नाही, पण मृत्युपत्राला डोकं आणि उजवा हात एवढंच लागतं आणि दोन्ही शाबूत आहेत. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला कुणीतरी खाटेजवळ थांबावं लागतं, आणि घोडं तिथेच तर अडलंय.

मजकूर मी सांगते आहे आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून लिहून घेते आहे. ती शाळेत शिकवते, अक्षर सुरेख आहे. मधेच थांबून "मावशी, मृत्युपत्रात असं लिहितात का?" असं विचारते. मरणार मी आहे, तेव्हा मी सांगेन तसंच लिहायचं.

१. सहा वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घरासकट सगळं माझ्या भाचीला दिलं होतं. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती. मी तिला वाढवलं, नर्सिंगला घातलं, आणि आज ती याच वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. घराचं काय करायचं ते शेवटच्या कलमात येईल. आज सकाळपर्यंत ते तिला द्यायचं नाही असं माझं पक्कं होतं. का, ते कळायला मधली कलमं वाचावी लागतील. वकिलांनी उड्या मारू नयेत.

२. माझ्या थोरल्या भावाला काहीही नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तो म्हणाला होता, "लोकांचे संडास काढायला एवढं शिकलीस?" त्यानंतर त्याची बायको, सासू आणि दोन मेहुणे याच वॉर्डांमधून माझ्या ओळखीवर बरे होऊन गेले. गेल्या आठवड्यात तो मला भेटायला आला, दारातच नाकाला रुमाल लावला आणि तिथूनच "येतो गं" म्हणाला. त्याला तो रुमाल पुरेल.

३. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांनी हात लावण्याआधी माकडहाडाजवळच्या जखमेचा फोटो काढावा आणि तो या रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या टेबलावर ठेवावा. ती जखम मला दिसत नाही आणि दुखतही नाही, कारण मणक्यातल्या गाठीनं तिथली जाणीवच नेली. पण वास येतो, आणि हा वास ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली. माणूस एकाच अंगावर पडून राहिलं की आधी कातडी मरते, मग खालचं मांस, मग हाड उघडं पडतं. दर दोन तासांनी कूस बदलली की बहुतेकांचं हे टळतं. त्याला महागडं औषध लागत नाही की यंत्र लागत नाही. दोन माणसं आणि चार मिनिटं लागतात.

खाटेच्या पायथ्याशी एक छापील तक्ता लटकतो. कुठल्या वेळी कुठल्या कुशीवर वळवलं, ते त्यात लिहायचं असतं. आज सकाळी शिक्षिकेला मी तो वाचायला सांगितला. ती म्हणाली, "मावशी, आत्ता सव्वादहा वाजलेत, आणि यात दुपारी दोनची नोंदसुद्धा झालीय. दोनला उजवी कूस. पुढे सही आहे." मी सकाळी अंग पुसल्यापासून उताणी आहे. ती बिचारी घाबरली, म्हणाली, कुणाची तरी चूक झाली असेल, सांगून येऊ का? अगं, चूक कसली, इथे असंच चालतं.

४. माझ्या कपाटात वरच्या फळीवर पुठ्ठ्याचं एक घड्याळ आहे. ते आणि बँकेत जे काही असेल ते सगळं थोरलीला द्यावं. थोरली ही माझ्या वॉर्डातली आया. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण डॉक्टरांनाही दटावायची म्हणून हे नाव पडलं.

ते घड्याळ मी सलाइनच्या खोक्यातून गोल कापून केलं होतं. एकच काटा आणि तीन खुणा: डावी, उताणी, उजवी. पेशंटला वळवलं की काटा फिरवायचा, बस्स. लिहायची भानगड नाही. आणि ते कुणालाही वाचता यायचं. लिहितावाचता न येणारा नवरासुद्धा ओरडायचा, "ओ सिस्टर, काटा डावीकडे आणि आमची बाई उताणी, हे कसं काय?" थोरली फणकारत उठायची, पण उठायची.

शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुखांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "पुस्तकात नाही सर, पुठ्ठ्यावर आहे." ते हसले नाहीत. सगळ्या वॉर्डांसाठी पत्रक काढा असा मी अर्ज केला, तो कुठल्या टेबलावर मेला देव जाणे. मग थोरलीची बदली हाडांच्या वॉर्डात झाली आणि जाताना ती एक घड्याळ काखेत मारून गेली. पंधरा दिवसांत तिथे सहा लागली. तिथली आया पुढे मेंदूच्या वॉर्डात गेली, तिनं तिकडे नेलं.

पुरुषांच्या वॉर्डाचा ब्रदर तेवढा अडून बसला. "आमच्याकडे हे असलं चालणार नाही, आमचे पेशंट जड असतात." सहा महिन्यांनी बघते तर त्याच्याकडे लाल काट्याची घड्याळं, आणि पठ्ठ्या आल्यागेल्याला सांगतोय की ही त्याची कल्पना! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाली, "बाई, मी जाऊन त्याचं थोबाड रंगवते." मी तिला धरून बसवलं. अगं, चोरलं म्हणजे त्याला पटलं. आपलं म्हणून मिरवायला मिळालं की माणूस ती गोष्ट जिवापाड सांभाळतो. चार वर्षांत अकरा वॉर्ड झाले, एकाही पत्रकाशिवाय. आयुष्यात अभिमान वाटावा असं माझ्याकडे एवढंच आहे.

५. माझ्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक प्रशस्तिपत्रक आहे. ते काचेसकट तेव्हाच्या उपअधीक्षकांना परत करावं. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. अकरा वॉर्ड झाल्यावर साहेबांना जाग आली. मला केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली. म्हणाले, "सिस्टर, कल्पना सोन्यासारखी आहे. पण पुठ्ठा? तपासणीला माणसं आली तर त्यांना काय दाखवायचं? लेखी नोंद हवी. नोंद असली तर हीच पद्धत चाळीस रुग्णालयांत नेता येईल. तुमच्या नावानं."

चाळीस! आणि माझ्या नावानं! मी हुरळून गेले, दुसरं काय. थोरलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, कागद काय पेशंटला वळवणार आहे?" मी तिच्यावर खेकसले, "तुला काय कळतंय त्यातलं?" त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते आणि थोरलीची मी इथे लेखी माफी मागते.

तक्ता छापून आला. घड्याळं भिंतींच्या नव्या रंगाला शोभत नाहीत म्हणून एका दुपारीत उतरवली. साहेब तो तक्ता घेऊन परिषदांना हिंडले आणि दोन पायऱ्या वर चढले. माझं नाव पहिल्या छपाईत होतं, दुसरीत गळलं. मी त्यांना वर्षानुवर्षं शिव्या घातल्या आणि मरेपर्यंत घालीन. घड्याळावर खोटं बोलायचं तर पेशंटच्या आणि त्याच्या माणसांच्या डोळ्यांदेखत बोलावं लागायचं. तक्त्यावर टेबलाशी बसून, चहा पीत बोलता येतं. हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांनी कधी कुणाला वळवलं नव्हतं. माझ्या तरी यायला हवं होतं.

६. आता भाचीचं. परवा ती राउंडला आली, चादर सरळ केली, सलाइन बघितलं आणि निघाली. मी हात धरला.

"मला वळव."

"मावशी, पाठवते कुणालातरी."

"कालही पाठवणार होतीस. तक्त्यात मात्र मी दिवसभर गिरक्या घेतेय."

ती खुर्ची ओढून बसली. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. हळूच म्हणाली, "बेचाळीस पेशंट आहेत, आणि आम्ही दोघी. तक्ता कोरा राहिला तर दुसऱ्या दिवशी नोटीस येते. पेशंटला वळवलं नाही तर काहीच येत नाही. मी काय करू, सांग ना?"

"मी तुझी मावशी आहे गं."

"म्हणून तर तुझा तक्ता मी स्वतः भरते."

आणि पोरगी रडायला लागली. मला तिचं तोंड बघवेना, आणि मान फिरवण्यापलीकडे मला काही फिरवताही येत नाही. त्याच रात्री मी ठरवलं की घर थोरलीला द्यायचं आणि हिला दमडी द्यायची नाही. आज सकाळी शिक्षिकेला तसंच सांगायला घेतलं होतं. तिनं लिहिता लिहिता सहज विचारलं, "पण मावशी, हे असं आधीच भरून ठेवायचं या मुलींना शिकवतं तरी कोण?"

मी तिला म्हटलं, पाणी दे. तेवढ्यात आजींना तपासायला डॉक्टर आल्या आणि लिहिणं थांबलं. दुपारी मी सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि शेवटचं कलम बदललं.

७. पंधरा वर्षांपूर्वी मी या वॉर्डची मुख्य होते आणि भाची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि तीन आठवड्यांचे तक्ते कोरे होते. बहुतेक पेशंट आम्ही वळवले होते, लिहायला हात रिकामे नव्हते. बहुतेक. खाट क्रमांक चारच्या बाईंना आठ-आठ तास कुणी वळवलं नव्हतं. माणसं कमी होती आणि त्या बाई कधी तक्रार करायच्या नाहीत. त्यांच्या पाठीची जखम मी पाहिली होती.

मी खोलीचं दार लावून घेतलं आणि भाचीला टेबलाशी बसवलं. म्हटलं, "तुझं अक्षर इथे कुणी ओळखत नाही. मधून मधून पेन बदल. एखादी वेळ दहा मिनिटं मागेपुढे टाक, म्हणजे खरं वाटेल." ती लिहीत गेली. एका तक्त्यावर थांबली.

"मावशी, चार नंबरचा पण?"

"सगळ्यांचे."

महिन्याभरानं त्या बाई गेल्या. त्यांच्या मुलीनं तक्रार केली, चौकशी बसली. साहेबांनी तो तक्ता पुढे ठेवला: दोन-दोन तासांच्या नोंदी, निळ्या-काळ्या शाईत, आणि खाली माझी सही. रुग्णालयाकडून कसूर नाही असा निकाल झाला. बाहेर पडताना ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. "सिस्टर, तुम्ही सांगा. माझ्या आईला खरंच वळवत होता ना?"

मी म्हटलं, "लिहिलंय ना त्यात."

पुढच्याच आठवड्यात वॉर्डावॉर्डांतून सिस्टर यायला लागल्या. "तुम्ही तक्ता कसा भरता, जरा दाखवा ना आम्हाला." मी भाचीला दाखवायला बसवलं. पत्रक निघालं नाही की परिषद भरली नाही. घड्याळ पसरायला चार वर्षं लागली होती. हे आठवड्यात पसरलं, आणि "आमच्याकडे चालणार नाही" असं आजवर एकाही वॉर्डानं म्हटलेलं नाही.

म्हणून माझं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, त्यातल्या सामानासह, माझ्या भाचीला द्यावं. तिनं ते बक्षीस समजू नये आणि माफीही समजू नये. माफ करायचं की नाही ते चार नंबरच्या बाईंच्या मुलीनं ठरवायचं, आणि तिला आमच्यापैकी कुणी विचारायला गेलेलं नाही. मी शिकवलं ते भाची चोख शिकली. घर दुसऱ्या कुणाला दिलं तर चूक एकट्या तिची होती अशी नोंद माझ्या हातून होईल, आणि खोट्या नोंदी मी पुरेशा केल्या.

वरचा सगळा मजकूर मी सांगितला, ऐकला आणि तो माझाच आहे. याची अंमलबजावणी थोरलीच्या मुलानं करावी, तो पोस्टात आहे आणि कामाचा पक्का आहे.

स्थळ: स्त्रियांचा वॉर्ड, खाट क्रमांक अकरा
दिनांक: २० फेब्रुवारी २०२४, मंगळवार, दुपारी पावणेपाच

सही (पडून केल्यामुळे तिरकी): मृत्युपत्र करणारी, निवृत्त मुख्य परिचारिका

साक्षीदार पहिला: रुग्णालयाचा औषधविक्रेता. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: वॉर्डाची निवासी डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. त्या पूर्ण शुद्धीवर असून त्यांना सगळं नीट समजतं.

लिहून घेणारी: शिक्षिका. संपूर्ण मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. इन्चार्ज सिस्टर त्या वेळी औषधांची ट्रॉली घेऊन पलीकडच्या खाटेशी आल्या होत्या. आवाज कमी करू का, असं मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको. सातवं कलम तिथपर्यंत ऐकू जाईल असं वाच."